बांगडीच्या काचेवर मोटारीचा रंग

बगळ्यावर कुणी कविता केली की माझं डोकं फिरतं. शुभ्र काय, शांत काय, ध्यानस्थ काय. ज्यानं बगळ्याला ध्यानस्थ म्हटलं, त्यानं बगळ्यांच्या झाडाखाली मोटार लावून बघितलेली नाही. मी लावली होती. एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात, शिरूरला, घोडनदीच्या काठच्या चिंचेखाली. आणि तीसुद्धा स्वतःची नव्हे, फिलिप डॉक्टरांची. त्यात माझी नोकरी जायची वेळ आली आणि त्यातूनच माझी हुसेनबीशी ओळख झाली. मला सांगायचं आहे ते हुसेनबीबद्दल. पण गोष्ट बगळ्यांपासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

मी डॉक्टरांचा ड्रायव्हर. नाव मच्छिंद्र, वय तेव्हा चोवीस, डोकं कायम तापलेलं. डॉक्टरांची गाडी लँडमास्टर, घेऊन तीन वर्षं झालेली. तिचा रंग मी राखी म्हणायचो, डॉक्टर हिरवट म्हणायचे आणि डॉक्टरीणबाई निळसर म्हणायच्या. त्यावरून घरात वाद झालेलाही मी ऐकला आहे. गावात मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळं आमची गाडी रस्त्यानं निघाली की लोक आधी गाडीला नमस्कार करायचे आणि मग डॉक्टरांना.

डॉक्टर आठवडाभर मुंबईला गेले. जाताना मला बजावून गेले, "गाडी शेडमध्ये ठेव. रविवारी दौंडला साराचं लग्न आहे. नवरी याच गाडीतून देवळात जाणार." सारा ही त्यांची पुतणी, आणि आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. मी मान हलवली. पण शेडला पत्र्याचं छप्पर. मे महिन्यात त्यात उभं राहिलं तर माणूस भाजून निघतो, मग गाडीचं काय होत असेल, असा विचार माझ्या मनात आला. म्हणजे बघा, सगळं प्रेमापोटीच. गाडीला सावली मिळावी म्हणून मी ती नदीकाठच्या मोठ्या चिंचेखाली नेऊन लावली आणि न्हाव्हऱ्याच्या पुढं बहिणीच्या गावची जत्रा होती, तिकडं निघून गेलो. तीन दिवस कुस्त्या बघितल्या, तमाशा बघितला, मटण खाल्लं.

बुधवारी सकाळी परत आलो तर बॉनेट दिसेना. नदीतले मासे खाऊन बगळ्यांनी तीन दिवस जे काही केलं होतं ते सगळं बॉनेटवर होतं, आणि वरून मेचं ऊन. मी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. वरचं निघून गेलं आणि खाली डाग दिसायला लागले. रुपयाएवढे, काही तळहाताएवढे, मेलेले, पांढरट, आणि बोट फिरवलं तर खरखरीत. तिथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला आठवली आईची समई. समईवर डाग पडला की आई काय करायची? चिंच आणि राख लावून काथ्यानं घासायची; लख्ख व्हायची. चिंच तर डोक्यावरच होती. राख समोरच्या हॉटेलातून आणली. अर्धा तास मी ते बॉनेट असं घासलं, की डाग होते तिथंच राहिले आणि त्यांच्याभोवती ओरखड्यांची जाळी पडली. साबूत रंगाचीही चकाकी गेली. मग मी गाडीच्या पायरीवर बसलो आणि बगळ्यांना आईमाईवरून शिव्या दिल्या. त्यांनी वरून उत्तर दिलं.

डॉक्टर शनिवारी संध्याकाळी येणार होते. माझ्या हातात बुधवार, गुरुवार, शुक्रवार. गावात मोटारीला रंग मारणारा एकच माणूस होता, महबूबमामा, आणि त्याला लोक म्हणायचे ठिगळ्या.

हे नाव त्याला वर्षभरापूर्वी पडलं होतं. महबूबमामा मूळचा बैलगाड्यांची चाकं, पत्र्याच्या ट्रंका आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हात असा, की चाकाच्या आऱ्यावर काढलेली रेघ शेवटपर्यंत केसभरही हलायची नाही. पुढं त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून रंगाचा फवारा आणि हवेची टाकी आणली. टाकीत हवा भरायला पायानं मारायचा पंप. मोठ्या हौसेनं त्यानं एका व्यापाऱ्याच्या गाडीचं घासलेलं दार रंगवलं. काम गुळगुळीत झालं, पण रंग जमला नाही. उजेडात गाडी आली की दारावरचा तो तुकडा लुगड्याला लावलेल्या ठिगळासारखा लांबूनच ओळखू यायचा. बाजारपेठेतली माणसं, त्यांना काय, नाव ठेवून मोकळी झाली. त्यानंतर त्याच्याकडं एक मोटार आली नाही. फवारा फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगला गेला, आणि महबूबमामा पाऊस लागायच्या आत पुण्याला जाऊन कुठल्या तरी गॅरेजात कामाला राहायचं म्हणत होता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्याच्याकडंच गेलो, कारण दुसरं कुणी नव्हतं.

त्याचं घर म्हणजे पुढं बांगड्यांचं दुकान आणि मागं परसू. परसात त्याचं काम चालायचं. मधे एकच दार. दुकान त्याच्या बायकोचं, हुसेनबीचं. खरं म्हणजे हुसेनबीच्या वडलांचं. मीरासाहेब मणियार चाळीस वर्षं त्याच ओट्यावर बसून बांगड्या भरत आले, आणि त्यांच्यामागं मुलगी बसायला लागली. बुटकी, गोरटेली, पानानं ओठ रंगलेले, आवाज बारीक पण चिवट. शिरूरच्या आणि आसपासच्या तीस गावांच्या बायकांची मनगटं तिला तोंडपाठ होती. कुणाचा हात दाबला की दबतो, कुणाचं हाड आडवं येतं, कोण दुखलं तरी सांगत नाही, सगळं माहीत. आणि बायका नवीन लुगडं घेतलं की पदर घेऊन तिच्याकडं यायच्या. हुसेनबी पदराकडं एकदा बघायची, मागं न बघता हात फळीवर घालायची, आणि बांगडी काढायची ती त्या पदराचीच. गुलबक्षी म्हटलं की सगळ्यांना एक रंग दिसतो. हुसेनबीला सकाळची गुलबक्षी वेगळी आणि कोमेजलेली वेगळी दिसायची.

पण हे मला तेव्हा कुठं माहीत? मी तिच्यासमोरून गाडी बोळात घातली, परसाच्या फाटकातून आत नेली आणि महबूबमामाला बॉनेट दाखवलं.

त्यानं वाकून वास घेतला. "ह्याला चिंच कुनी लावली?"

"मीच."

"आन् राख?"

"ती बी मीच."

"मीठ ऱ्हायलं व्हय?" एवढं बोलून त्यानं बाह्या सरसावल्या. माणूस चांगला. त्यानं मला समजावून सांगितलं, ते मी पुढं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. उन्हात पत्रा तापला की वरचा रंग मऊ पडतो. वरची बगळ्याची शीट वाळताना आवळत जाते आणि रंगालाही आपल्यासोबत ओढते. म्हणून डाग पडला की ओलं फडकं ठेवायचं, भिजू द्यायचं, हलक्या हातानं उचलायचं, घासायचं नाही. माझ्या हातून नेमकं उलटं घडलं होतं.

बुधवारचा दिवस घासण्यात गेला. पाणी लावत लावत घासकागदानं डाग उतरवायचे, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, मग ब्रशनं अस्तराचा हात.  गुरुवारी सकाळी रंगाची पाळी आली. महबूबमामानं पुण्याहून आणून ठेवलेला कंपनीचा डबा काढला; नाव तेच, नंबर तोच. बॉनेटच्या कोपऱ्यावर ब्रशनं एक हात मारला, वाळू दिला, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. ठिगळ. कंपनीचा रंग कोरा होता आणि गाडीनं तीन उन्हाळे खाल्ले होते. त्यानं पांढरा घातला. ठिगळ निळं झालं. काळा घातला, मळकं झालं. दुपारपर्यंत परसात सात वाट्या झाल्या आणि माझा आवाज चढला.

"मामा, ह्यो रंग हाय का चिखल? नवरीला ह्या गाडीत बसवायची हाय. माझी नोकरी जाईल."

"ओरडू नगंस."

"ओरडू नगंस काय? सगळं गाव तुम्हाला ठिगळ्या उगंच म्हनतंय का?"

हे बोलायला नको होतं. मला ते तेव्हाही कळलं. महबूबमामानं वाटी खाली ठेवली आणि हात पुसायला लागला. तेवढ्यात मधल्या दारात हुसेनबी येऊन उभी राहिली. एका हातात बांगड्यांचा जुडगा, आणि तिच्या मागं दुकानात एक बाई अर्ध्या भरलेल्या हातानं ताटकळत बसलेली.

"ह्यो त्यो रंग न्हाई," ती म्हणाली.

"ते आमालाबी दिसतंय," महबूबमामा म्हणाला. "तू बांगड्या बग."

"बांगड्याच बगते. ल्हानपनापासनं." ती गाडीजवळ आली, उन्हाकडं पाठ करून उभी राहिली आणि बॉनेटवर आपल्या पदराची सावली धरली. "उन्हात रंग बगायचा न्हाई, दिव्यापुढं बगायचा न्हाई. सावलीत बगायचा. ह्यो काय राखी न्हाई. निरगुडीचं पान उलटं केलं की आसतो, त्यो हाय. त्यात पिवळा हाय जरासा. आन् त्यो काळ्यानं मरत न्हाई, तांबड्यानं मरतो."

"हिरव्यात तांबडा?" महबूबमामा हसला.

"लुगडं बगितलं न्हाई का कधी? उभा दोरा हिरवा आन् आडवा तांबडा घातला की हिरवा कसा गप बसतो? तसं. टिपूसभर."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण महबूबमामाचं हसू थांबलं. हुसेनबीनं दुकानातल्या बाईला "बस गं जरा" म्हणून सांगितलं, कोपऱ्यातल्या डब्यातून फुटक्या बांगड्यांचे तुकडे काढले आणि उकिडवी बसली. वाटीत पिवळा थेंब, ढवळलं. काडीच्या टोकानं तांबडा, ढवळलं. मग बोटानं तो रंग बांगडीच्या एका तुकड्यावर लावला आणि तुकडा सावलीत ठेवला. "वल्या रंगावर भरवसा ठेवू नये. वाळल्यावर त्यो दुसराच व्हतो." वाळला की तुकडा बॉनेटवर ठेवून बघायची, मान हलवायची, दुसरा तुकडा घ्यायची. एकीकडं ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज असा, की महबूबमामाला ऐकू जावा.

"जमला तर हे हितं ऱ्हातील, मच्छिंद्रा. न्हाई जमला तर पुण्याला जातील. आन् ते गेले की मला बी जावं लागंल. मला जायचं न्हाई. माझ्या बापाच्या ओट्यावरनं उठून मी पुण्यात कुनाच्या मनगटाला हात घालू?"

तिचे डोळे भरले होते, पण हात चालूच होता. सहावा तुकडा तिनं बॉनेटवर ठेवला आणि तो मला दिसेना. म्हणजे मी शपथेवर सांगतो, तुकडा तिथंच होता. त्याची कड दिसत होती, रंग दिसत नव्हता. महबूबमामानं वाकून बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि खुंटीवरचा फवारा काढून आणला. पंप मी मारला. हुसेनबी उठली, हात धुतले आणि ताटकळलेल्या बाईचा उरलेला हात भरायला निघून गेली.

शनिवारी सकाळी बॉनेटला शेवटचं पॉलिश झालं. संध्याकाळी डॉक्टर आले, गाडीत बसले, घरी गेले. काही दिसलं नाही. रविवारी पहाटे आम्ही न्हाव्हऱ्यावरून भीमा ओलांडून दौंडला गेलो. रेल्वेच्या वसाहतीजवळच्या देवळात लग्न. साराला झेंडूच्या माळा लावलेल्या आमच्या गाडीतून उतरवली. मी नवीन टोपी घातली होती आणि स्वतःवर इतका खूष होतो, की कुणीही यावं आणि मला मारावं.

आलेही. नवऱ्या मुलाचे मामा, अब्राहामशेठ, पुण्यात मोठ्या गॅरेजचे मालक. जेवणं झाल्यावर ते पान चघळत गाडीपाशी आले, बॉनेटवरून हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग डॉक्टरांना हाक मारून म्हणाले, "डॉक्टर, बॉनेट कुठं रंगवून घेतलंत?"

"रंगवलं? नाही बुवा," डॉक्टर म्हणाले.

"सगळं अंग तीन वर्षांचं आहे, बॉनेट चार दिवसांचं. हाताला कळतं. डोळ्याला मात्र कळत नाही, आणि तीस वर्षांत माझ्या डोळ्याला कळलं नाही असं झालेलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांची नजर अशी, की पेशंट न विचारताच काय खाल्लं ते सांगून टाकायचा. मीही सांगून टाकलं. चिंच, बगळे, जत्रा, राख, काथ्या.

"गाडी म्हणजे तुला समई वाटली का?" डॉक्टर म्हणाले. भोवतीचे सगळे वऱ्हाडी हसले, नवरीसुद्धा. हसण्यावारी गेलं, म्हणून नोकरी वाचली. अब्राहामशेठ मात्र हसत नव्हते. "रंग कुणी मिळवला?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी म्हणालो, "महबूब रंगारी. शिरूर-घोडनदीचा."

हुसेनबीचं नाव मी घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं आहे. बाईनं, त्यातून बांगडीवालीनं मोटारीचा रंग मिळवला म्हटलं तर एवढी माणसं पुन्हा हसतील, असं वाटलं असावं. आधीच माझ्यावर हसून झालं होतं. मी घाबरलो, हे खरं.

दहा दिवसांनी महबूबमामाच्या नावानं पुण्याहून पाकीट आलं. आत अब्राहामशेठचं पत्र आणि फडक्यात गुंडाळलेली पत्र्याची एक पट्टी. पत्र मी वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की तुमच्यासारखा रंग मिळवणारा माणूस मला हवा आहे, राहायला खोली देतो, विजेवर चालणारं हवेचं यंत्र आहे. सोबतच्या पट्टीवरचा रंग एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा असून माझ्या माणसांना तो साधलेला नाही. तो मिळवून पाठवावा आणि महिनाअखेर रुजू व्हावं.

महबूबमामाला आनंद मावेना. ठिगळ्या म्हणणाऱ्या पेठेतून तो ते पत्र घेऊन दोनदा फिरून आला. मला गूळ-शेंगदाणे दिले. विजेवरच्या यंत्राबद्दल तर तो असा बोलत होता, जणू ते त्यानं पाळण्यापासून पाहिलेलं आहे. हुसेनबी दुकानात बसून होती. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मग पट्टीचा रंग तुमीच मिळवा."

"म्हंजी?"

"म्हंजी पुन्यात मी थोडीच मिळवनार हाय. तितं चाळीस गडी काम करत्यात. त्यांच्यात मी कुठं बसू? पल्याड दुकान न्हाई, मधी दार न्हाई. तवा आत्तापासनंच सवय करा." आणि मग जरा थांबून, "मला कुनी इच्यारलं का, जायचं का म्हनून? पुन्यावाल्यांनी न्हाई इच्यारलं, त्यांना ठावं न्हाई. तुमाला तर ठावं हाय."

महबूबमामाला राग आला. मी कधी पाहिला नव्हता एवढा आला. त्यानं पट्टी उचलली आणि परसात गेला. दोन दिवस तो बाहेर आला नाही. मी डॉक्टरांची गाडी शेडमध्ये लावली (आता शेडमध्येच लावायचो) की तिकडं डोकावायचो. पट्टीचा रंग तांबूस-काळा होता. महबूबमामानं वाट्या संपवल्या, मग पणत्या घेतल्या, मग नारळाच्या करवंट्या. बायकोचं बघून त्यानंही बांगडीचे तुकडे घेतले होते आणि त्यावर रंग लावून परसाच्या भिंतीवर ओळीनं वाळत ठेवले होते. एकही पट्टीला मिळत नव्हता. एक विटेचा झाला, एक काताचा, एक जळक्या गुळाचा.

"मच्छिंद्रा, ह्यो बग, ह्यो जमलाय न्हवं?" त्यानं मला विचारलं. मी खोटं बोलणार होतो, पण त्याचं तोंड बघून बोलवेना. "न्हाई, मामा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला हाक मारली आणि पोस्टाचं कार्ड पुढं केलं. त्याला लिहिता येत होतं, पण आयुष्यभर पाट्या काढल्यामुळं अक्षर हातभर. 'पुणे' एवढं लिहिलं की कार्ड संपायचं. म्हणून मी लिहायला बसलो, मधल्या दाराच्या उंबऱ्यावर. दुकानात हुसेनबी बाजारातल्या रतनबाईचा हात भरत होती. तिची पाठ आमच्याकडं होती.

"लिव्ह," महबूबमामा म्हणाला. "पत्र पावलं. तुमी मला बोलावलं, माझा मान ठेवला. पन मला येता येनार न्हाई."

मी लिहिलं. दुकानातला बांगड्यांचा आवाज थांबला.

"म्होरं लिव्ह. डॉक्टरांच्या गाडीचा रंग म्या मिळवला न्हाई. माझ्या बायकूनं मिळवला. हुसेनबी. मी नुसता मारतो. मला येकट्याला ठिवून तुमचा काई उपेग न्हाई."

माझा हात थांबला. "मामा, हे लिहू?"

"लिव्ह म्हनलं न्हवं. ठिगळ्या म्हनत्यात तेच बरं व्हतं, ते तरी खरं व्हतं. दुसऱ्याच्या डोळ्याची शाबासकी मी तीन दिस खाल्ली, पचली न्हाई."

मी लिहिलं. मला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण दौंडला मी जे बोललो नाही ते हा माणूस कार्डावर लिहून देत होता, आणि कार्ड म्हणजे पोस्टातल्या शिपायापासून सगळे वाचणार. लिहून झालं तेव्हा हुसेनबी दारात येऊन उभी होती. मागं रतनबाई एका हातात चार बांगड्या घेऊन कान टवकारून बसलेली. हुसेनबी रडत होती आणि रडताना तिला हसू येत होतं, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला होता.

ती आमच्या दोघांच्या मधून परसात गेली. भिंतीवरचे महबूबमामाचे तुकडे तिनं एकदा बघून घेतले. "ह्यो जळक्या गुळाचा जवळ हाय," ती म्हणाली. "ह्याला निळा दावा नुसता." मग बसली, त्या करवंटीत काडीनं निळा घातला, ढवळलं, बोटानं तुकड्याला लावलं, वाळेपर्यंत तुकड्याकडं बघत बसली. महबूबमामाही तिच्यासमोर उकिडवा बसला. चौथ्या तुकड्याला पट्टी आणि तुकडा एक झाले. "करवंद," ती म्हणाली. "पिकून फुटलेलं."

"पट्टी परत पाठवायची का?" मी विचारलं.

"नगं," हुसेनबी म्हणाली. "कार्डात आजून येक वळ घाल. गाडी हिकडं धाडा म्हनावं. रंग हितं मिळंल."

मी ती ओळ लिहिली. जागा कोपऱ्यापुरती उरली होती. खाली नाव कुणाचं, म्हणून मी महबूबमामाकडं बघितलं. त्यानं बायकोकडं बोट केलं. हुसेनबीला सही येत नव्हती. तिनं करवंटीत अंगठा बुडवला आणि कार्डाच्या कोपऱ्यात दाबला.

"कागद रंग पितो, मामी," मी म्हणालो. "खरा दिसायचा न्हाई. तुमीच सांगता."

"अंगठा बगू दे त्यांना," हुसेनबी म्हणाली. "रंग गाडी आल्यावर बगतील." आणि ती रतनबाईचा राहिलेला हात भरायला गेली. मी कार्ड वाळेपर्यंत हातावर धरून उन्हात उभा राहिलो, आणि मग एस.टी. स्टँडसमोरच्या पेटीत टाकून आलो.